दोन दारांची खोली

मेश्रामबाईंच्या रिकाम्या खोल्यांना दार नव्हतं, असं कुणी म्हणू नये. दार होतं. दोन पाखांचं, अस्सल सागाचं, सासऱ्यांनी स्वतः समोर उभं राहून करून घेतलेलं, आणि लावताना असा आवाज करणारं की आळीतल्या कुत्र्यांनाही कळावं, मेश्रामांकडे दार लागलं. पण भैयाजी पानठेलेवाल्याच्या मते सगळं दुखणं त्या दारातच होतं.

"बाई, खोल्या सोन्यासारख्या हायेत," पानाला चुना लावता लावता तो म्हणाला. "पर साहेब मानूस पयले काय पाह्यते? दार पाह्यते. तुमचं दार पाह्यलं का त्याले वाटते, आत बैल बांधून असन."

गुणाबाई मेश्राम सिंदेवाहीच्या शाळेत चौथीला शिकवत. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि उरलेलं निम्मं त्यांना पाहून सायकलवरून उतरणारं. अशा बाईला पानठेल्यासमोर उभं राहून स्वतःच्या दाराची निंदा ऐकावी लागते, म्हणजे गरज तशीच असणार. गरज अशी, की त्यांच्या संघमित्रेनं बारावीची परीक्षा दिली होती आणि तिला पुढे नागपूरला कॉलेजात जायचं होतं. गुणाबाईंची मास्तरकी आणि देवरावांची पोस्टमनकी, ह्या दोन पगारांत सिंदेवाहीचं घर चालत होतं. नागपूरचं वसतिगृह चालत नव्हतं. बाजूच्या दोन खोल्यांत आजवर धान आणि कांदे राहत, आणि ते काही भाडं देत नसत. तिथे बरा भाडेकरू आला तर मित्रा नागपूरला. नाही आला तर थोरल्या दिरांनी सुचवून ठेवलेला शिवणक्लास. शिवणक्लासात वाईट काही नाही. पण "पोरीच्या जातीले तेच बरं" असं म्हणून जो सुचवतात, त्या शिवणक्लासाचं नाव निघालं की गुणाबाईंच्या हातातला खडू मोडत असे.

आणि बरा भाडेकरू येण्याच्या वाटेवर होता. भात संशोधन केंद्रात नवे साहेब बदलून येणार, सांगलीकडचे, बिऱ्हाडासकट, ही बातमी देवरावांनी टपालाबरोबर आणली होती. गावात पोस्टमनच्या आधी कुणाला काही कळत नाही, हा देवरावांचा एकुलता एक गर्व.

सुरुवात साध्या चुन्यानं झाली. बुद्धपौर्णिमेच्या आत भिंती पांढऱ्या करायच्या, एवढाच बेत होता. पण शेजारची ठमाबाई कुंपणावरून म्हणाली, "चुन्यात नीळ टाका व बाई, नाहीतं दवाखान्यासारखं दिसते." नीळ टाकली. ती ठमाबाईच्या हातानं टाकली, आणि ठमाबाईचा हात मिठाच्या बाबतीतही मोकळाच होता. भिंती वाळल्यावर ठमाबाईच गाल धरून म्हणाली, "माय, हे तं जयंतीच्या मंडपासारखं झालं." गुणाबाईंना त्यात तक्रारीसारखं काही वाटलं नाही. त्यांनी दुसरा हात मारून घेतला.

पण निळ्या भिंतीत ते काळपट जुनं दार आता खरंच डोळ्यांत खुपायला लागलं. चांगला सदरा घातला की माणसाचं लक्ष चपलेकडे जातं, तसं. भैयाजीचा साळा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कामाला होता. "तिथले क्वार्टर एकदा पाह्यून तं या," असं भैयाजीनं तिसऱ्यांदा म्हटल्यावर एका रविवारी गुणाबाई आणि देवराव बसनं निघालेच.

ऊर्जानगरच्या क्वार्टरात साळ्यानं चहा दिला, पंखा लावला, नळाला येणारं पाणी सोडून दाखवलं. गुणाबाईंनी ह्यातलं काही पाहिलं नाही. त्या दारापाशीच उभ्या होत्या. सपाट, गुळगुळीत, एका पाखाचं, गुळाच्या रंगाचं दार. बोटानं ढकललं की आवाज न करता जायचं, आणि लागताना मात्र कुलपातून एकच बारीक "टक्" असा आवाज यायचा. सभ्य माणसानं घसा खाकरावा तसा. गुणाबाईंनी ते बरेचदा लावून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी पोरांना "दार हळू लावा रे" असं सांगितलं होतं, आणि इथे दार आपणहून हळू लागत होतं.

"प्लायवूडचं असते हे," साळा म्हणाला. "आता सारे हेच लावते. साग कोन लावते बाई, साग तं खेड्यातले लोकं लावते."

परतीच्या वाटेवर चंद्रपूरच्या एका दुकानातून तसलंच दार घेतलं. ते बसच्या टपावर टाकायला कंडक्टर तयार होईना. वाऱ्यानं उडालं तर सरकार जबाबदार नाही म्हणाला. म्हणून दार बसच्या आत आलं आणि मधल्या वाटेत उभं राहिलं. बसची पुढची बाजू आणि मागची बाजू एकमेकांना परकी झाली. वाटेत मूल गावच्या स्टँडवर चढलेल्या एका म्हाताऱ्यानं तर त्या दारावर टकटक केलं आणि अदबीनं विचारलं, "आत जागा हाये का?" पलीकडून दार धरून बसलेले देवराव म्हणाले, "या ना." ते स्वभावानंच तसे होते.

दार बसवायचं काम लटारू सुताराकडे गेलं. लटारू बरा सुतार होता, पण दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रेत जी नाटकं होतात त्यांत तो राजा होत असे, आणि उरलेलं वर्षभर त्याच्या अंगातून राजा पुरता उतरत नसे. त्यानं सागाची दोन्ही पाखं चौकटीसकट उपटून अंगणात आडवी केली, नवं दार उभं करून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरून म्हणाला, "बाई, या भित्तीनं आपल्यासंगं दगा केला."

झालं होतं असं, की मातीची भिंत सासऱ्यांच्या काळापासून हळूहळू डावीकडे झुकत आली होती, आणि जुनं दारही बिचारं तिच्यासोबत झुकत आलं होतं, चांगल्या नवऱ्यासारखं. दोघं मिळून वाकडे, म्हणून कुणाला वाकडेपणा दिसत नव्हता. नवं दार कारखान्यातून आलेलं, त्याला असल्या संसाराची सवय नाही. मग भिंत छाटावी लागली. भिंत छाटली तर वरची, छप्पर तोलणारी वळी खचली. वळी खचली तर छपरावरचे कवेलू सरकले. कवेलू सरकलेले पाहून चिंचेवरची वांदरं पाहणी करायला उतरली आणि त्यांनी उरलेलेही सरकवले. मग सगळं छप्पर फेरावं लागलं. नुसतं दार बदलायला निघालेल्या गुणाबाई आठवडाभरात घर बांधायला लागल्या होत्या, आणि ठमाबाई रोज कुंपणावरून "म्या तं पयलेच म्हटलं होतं" असं म्हणत होती. काय म्हटलं होतं ते काही सांगत नव्हती.

शेवटी दार बसलं. लटारूनं मुजरा केला. गुणाबाईंनी बोटानं ढकललं, आणि निळ्या भिंतीत "टक्" झालं. मित्रा दारापुढच्या सपरीत उभी होती, ती हसली. त्या हसण्यात नागपूर दिसत होतं.

जुनी दोन पाखं अंगणातच पडून होती. ऊन चांगलं होतं, पाखं सपाट होती. गुणाबाईंनी त्यांवर धुतलेलं लुगडं अंथरून लाखोळीच्या डाळीच्या वड्या घातल्या. त्या वड्या अर्ध्या वाळल्या असताना फाटकातून वारलू नाकेदार आत आला.

वारलू हा वनखात्याचा नाकेदार आणि गुणाबाईंचा जुना विद्यार्थी. चौथीत तो मागच्या बाकावर बसे आणि भागाकार आला की खिडकीबाहेर पाहायचा. आता खाकी कपड्यात होता. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला, पाणी घेतलं, मित्राची चौकशी केली, एक वडी तोंडात टाकली, आणि मग खाली वाकून लुगड्याचा कोपरा उचलला.

"बाई, हे साग कुठलं?"

"साग कुठी हाये? दार हाये ते."

वारलूनं टोपी काढली. "बाई, दार चौकटीत असते. हे आंगनात पडून हाये."

"अरे, परवापर्यंत तिथंच होतं ते. तूच लहानपणी कांदे आणायला ह्या दारातून गेला असशील."

"गेलो ना. तवा उभं होतं. उभं होतं तवर दार होतं, त्याले मी काई म्हनत नाई. आता पडलं, म्हनजे माल झाला. मालाले आमच्या खात्याचा शिक्का लागते. याले शिक्का नाई." तो खरोखर दुःखी दिसत होता. "तुमीच शिकवलं बाई, जे डोयानं दिसते तेच वहीत लिवाचं."

आयुष्यात पहिल्यांदा गुणाबाईंना आपला एक विद्यार्थी पक्का तयार झाल्याचं दिसत होतं, आणि तो त्यांच्याच अंगणात उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्या वनखात्याच्या कचेरीत गेल्या. तिथले बाबू सज्जन होते, खुर्ची दिली. घरचंच जुनं लाकूड आहे असं लिहून द्या, म्हणाले, फक्त मूळ झाड कुठलं तेवढं सांगा. गुणाबाईंनी आठवून सांगितलं, सासऱ्यांनी आरमोरीकडून आणलं होतं, बैलगाडीनं. बाबूंनी पेन खाली ठेवलं.

"मग अडचण आहे. आरमोरी आता गडचिरोली जिल्ह्यात गेली, आपण राहिलो चंद्रपूर जिल्ह्यात."

"पण झाड तोडलं तेव्हा सगळा चांदा जिल्हा एकच होता."

"दार आता पडलं ना पण. पडलं तेव्हा जिल्हे दोन आहेत. तुम्हाला गडचिरोलीला अर्ज करावा लागेल. ते झाड पाहून कळवतील."

"झाड कसं पाहतील? झाडाचं तर दार झालं."

"तेच तर ते लिहून कळवतील," बाबू समजुतीच्या सुरात म्हणाले.

घरी येऊन गुणाबाई सपरीतच बसल्या. सरकारनं जिल्हा वाटून दिला हे त्यांना वर्तमानपत्रात वाचून आवडलं होतं. त्यात आपलं दार पलीकडच्या वाट्याला जाईल असं वाटलं नव्हतं. देवराव सायकल टेकवून आले, सगळं ऐकून घेतलं, पाय धुतले, आणि टॉवेलनं तोंड पुसत हळूच म्हणाले, "पडलं म्हनून लाकूड झालं ना? मंग उभं करून टाकू."

"उभं कुठं करता? तिथं नवं दार हाये."

"भित्त हातभर रुंद हाये. नवं आतल्या अंगाले हाये. भायेरचं अंग मोकयंच हाये ना."

पोस्टमन असं सुचवू शकतो, कारण त्याचं सगळं आयुष्य दाराच्या बाहेरच्या बाजूला गेलेलं असतं.

लटारूनं जुनी चौकट बाहेरच्या अंगाला बसवली. भिंतीनं तिला लगेच ओळखलं. बसायला अर्धा दिवसही लागला नाही. वारलू आला, पाखं उघडून लावून पाहिली, आणि समाधानानं म्हणाला, "आता कसं दार दिसते." निघताना त्यानं उरलेल्या वड्याही नेल्या, पण त्या गुणाबाईंनी स्वतःच दिल्या होत्या.

अशी मेश्रामांची खोली दोन दारांची झाली. बाहेरचं सागाचं उघडायचं, आतलं प्लायवूडचं उघडायचं, आणि दोन्हींच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. आळी पाहायला आली. ठमाबाई मधल्या जागेत शिरून उभी राहिली आणि आतूनच म्हणाली, "इथी काय, परीक्षा घेऊन मंग घरात सोडता का बाई?"

गुणाबाईंनी कारण कुणाला सांगितलं नाही. ज्याला आपण भागाकार शिकवला त्यानं आपल्या दाराला माल म्हटलं, हे सांगायचं कुणाला? आणि गावात तुम्ही कारण सांगितलं नाही, तर गाव बिनकारणी राहत नाही. ते स्वतः कारण शोधतं. पानठेल्यावर चार जणांनी विचारलं तेव्हा भैयाजीनं सुपारी कातरता कातरता आवाज खाली आणला. "वाघ येते ना तिकडं. बाईनं पाह्यला म्हनते. नाहीतं दोन दारं कोन लावते?"

चार दिवसांत तो वाघ चांगलाच मोठा झाला. त्याला एक कान कमी आहे असंही कळलं. सुट्टीतल्या चौथीच्या पोरांनी बाईंना वाटेत गाठून विचारलं, "बाई, थो दार वाजवते का?" गुणाबाईंनी खुलासा केला, पण वाघाच्या बाबतीत लोकांना खुलासा नको असतो, वाघ हवा असतो.

मग सांगलीकडचे साहेब आले. देवरावांनी केंद्रात टपाल देताना त्यांना खोल्यांचं सांगायला तोंड उघडलं, तोच जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तेच थे वाघाचं घर." साहेबांनी टपाल घेतलं आणि खोल्यांबद्दल काही विचारलं नाही.

देवरावांनी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा मित्रा तिथेच होती. बारावीचा निकाल लागला होता, चांगला लागला होता. पेढे वाटून झाले होते. नागपूरसाठी आईनं काढून पुसून ठेवलेली पत्र्याची पेटी तिनं उचलली, माळ्याच्या पाटईवर परत चढवली आणि भाकरी थापायला बसली. भाकरी अगदी गोल झाल्या. गुणाबाईंना त्या गोल भाकरी गिळवेनात. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला काही म्हटलं नाही, वाघाला मात्र मनातल्या मनात बरंच काही म्हटलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी केंद्राची जीप फाटकाशी थांबली. साहेब नव्हते, त्यांची बायको एकटीच होती. लहानखुरी, घामाघूम झालेली, डोळ्यांखाली काळं आलेली. ती फाटकातूनच म्हणाली, "वाघाचं घर ते हेच का हो?"

गुणाबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. देवराव टपाल वाटून आले होते. ते दारामागून डोळ्यांनी खुणा करत होते, की वाघाचं काही बोलू नको, खोली दाखव. मित्राही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन थांबली होती.

"खरं सांगा बाई," साहेबांची बायको म्हणाली, "ही दोन दारं वाघासाठीच लावलीत ना?"

गुणाबाईंना समोर नागपूर दिसलं, पाटईवरची पेटी दिसली, आणि त्याच्याही मागे, मागच्या बाकावर बसलेला वारलू दिसला. जे डोळ्यानं दिसतं तेच लिहायचं. त्यांनी शाळेतला आवाज लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: ऊर्जानगरचं टक्, बस, झुकलेली भिंत, वांदरं, वड्या, नाकेदार, दोन जिल्ह्यांत गेलेलं दार. देवरावांनी दारामागे कपाळाला हात लावला.

"म्हणजे वाघ येतच नाही?"

"रानातलं गाव आहे. पलीकडच्या शेतांपर्यंत येतो म्हणतात. आमच्या आळीत अजून आलेला नाही. पण कधीच येणार नाही, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही."

त्या बाईनं पदरानं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "बदलीचा हुकूम आल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. सगळी घरं बघून आले मी हितली. सगळ्यांनी शपथा घेऊन सांगितलं, वाघ नाहीच म्हणून, आणि एकेक दार दाखवलं. तुम्ही एकट्यांनी येतो म्हणून सांगितलं, आणि दारं दोन. का लावली ते मला काय करायचंय?" ती उठली. "दाखवा बघू."

तिनं सागाची पाखं दोन्ही हातांनी लावून आगळ घातली. धप् असा आवाज आला. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरलेलं आत उभ्या असलेल्या गुणाबाईंना स्पष्ट दिसलं. मग तीही आत आली. तिनं नवं दारही लावून पाहिलं. ते बोटानं गेलं नाही. मृगाच्या हवेनं फुगलं होतं, म्हणून तिनं खांदा लावला. टक् झालं. मूठ फिरवली, तर ती नुसतीच फिरली. गोल, मजेत, दाराशी तिचा काही संबंध उरला नव्हता.

निळ्या खोलीत दोघी अडकल्या. बाहेरून देवराव येऊ शकत नव्हते, कारण मध्ये आगळ घातलेली. लटारूला बोलवायला माणूस गेला. गुणाबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या हौसेनं आणलेलं दार, आणि त्यानं भाडेकरणीलाच कोंडलं. त्या मान खाली घालून माफी मागायला लागल्या, तर साहेबांची बायको भिंतीला टेकून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो बाई," ती म्हणाली, "आतल्या माणसाला बाहेर जाता येईना, तर बाहेरचा वाघ आत कसा येणार?"

लटारूनं खिडकीचे गज काढून दोघींना बाहेर घेतलं तोवर भाडं ठरलं होतं, स्वयंपाकाची बाजू ठरली होती, आणि नीळ अशीच ठेवायची हेही ठरलं होतं. खिडकीतून आधी साहेबांची बायको उतरली, मागून गुणाबाई. खाली अर्धी आळी उभी होती. खिडकीतून बाहेर येणाऱ्या मास्तरणीनं मान जेवढी ताठ ठेवता येते, तेवढी त्यांनी ठेवली. मित्रा गर्दीत नव्हती. ती घरात पाटईवरून पेटी उतरवत होती. आवाजावरून कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मित्रा नागपूरहून आली तेव्हा खोल्यांना एकच दार राहिलं होतं, सागाचं. दुसरं पावसाळ्यात इतकं फुगलं, की साहेबांच्या बायकोनंच एके दिवशी ते काढून टाका म्हणून सांगितलं. तिला आता एका दारानंही झोप येत होती. ते अंगणात पडलं होतं. त्याचे पापुद्रे सुटले होते, आणि त्यावर लुगडं अंथरून मित्रानं वसतिगृहात न्यायच्या वड्या घातल्या होत्या.

वारलू नाकेदार फाटकावरून चालला होता. गुणाबाईंनी त्याला हाक मारून आत बोलावलं. बऱ्याच महिन्यांचं काहीतरी त्यांच्या मनात राहिलं होतं.

"ये रे, पाह्य. हेही पडून हाये आंगनात. याले शिक्का नाई. लिही तुझ्या वहीत."

वारलू वाकला. लुगडं उचललं, एका बोटानं टिचकी मारली, निसटलेला पापुद्रा हातात घेऊन उजेडात धरला. बराच वेळ पाहिलं. मग तो पापुद्रा त्यानं जपून परत ठेवला.

"नाई बाई," तो म्हणाला, "याले उभं करा, आडवं करा, आमच्या खात्याचं काई म्हननं नाई. हे लाकूडच नाई."

मित्रा हसता हसता वड्यांवर बसणार होती. गुणाबाईंनी तिला वेळेवर ओढलं, आणि वारलूच्या हातावर एक वडी ठेवली. मग थोडा विचार करून दुसरीही ठेवली.